मदत हवी आहे : केळीची जमीन जिरायत धरून मोबदला लावलाय

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. त्यातली दीड एकर सरकारी रस्त्याच्या कामात जातेय. संपादन 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली आहे. निवाडा (मोबदल्याचा अंतिम आदेश) अजून व्हायचाय, पण मोबदल्याचा जो तक्ता दाखवला त्यात अख्खा गट जिरायत! विहीर आहे, ठिबक आहे, उभी केळी आहे. सातबाऱ्यावर मात्र विहिरीची नोंदच नाही.

कलम 26 प्रमाणे रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला जमिनीचा दर) आणि आसपासच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांची सरासरी, यात जो दर जास्त तो धरतात, एवढं कळलं. त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे तेवढीच आणखी. म्हणजे मूळ दरच पडला तर पुढचं सगळंच पडणार. शिवाय आमच्याकडे खरेदीखतात आकडा खऱ्यापेक्षा कमीच लिहितात, जास्त बोलत नाही.

बागायत सिद्ध करायला कृषिपंपाची वीजबिलं, केळीचा पीकविमा आणि सोसायटीचं पीककर्ज पुरतं का? ई-पीक पाहणीची (मोबाइल अ‍ॅपवरून केलेली पिकाची) नोंद कितपत धरतात? विहीर, पाइपलाइन आणि खोडवा (कापणीनंतर त्याच खुंटातून येणारं केळीचं पुढचं पीक) यांचं मूल्यांकन वेगळं मागायचं असतं ना?

वडिलांना पैसे घेऊन मोकळं व्हायचंय. निषेध नोंदवून रक्कम घेतली तर कलम 64 खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येतो असं वाचलं. मुदत सहा आठवडेच दिसते. निषेध नेमका कुठे नि कसा लिहून द्यायचा?

जळगाव-धुळ्याकडे भूसंपादनाचे दावे चालवलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.