एरेटर, २० फ्लॅट आणि '९५ टक्के खात्री'

ढोकाळीकर:
टँकरचा खर्च डोईजड झाला म्हणून आमच्या ए विंगमधल्या २० फ्लॅटच्या नळांना एप्रिलअखेर एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी) बसवले. प्रत्येक फ्लॅटला मीटर आहे. एप्रिल आणि मेचं रीडिंग ताडून पाहिलं: १५ घरांचा वापर घटला, ५ घरांचा वाढला. पी-व्हॅल्यू ०.०४१. म्हणजे एरेटर उपयोगी असल्याची ९५ टक्क्यांहून जास्त खात्री! तरी कमिटी म्हणते, बी विंगला नको.

कोपरीची सई:
दादा, गफलत तिथेच आहे. एरेटरने काहीच फरक पडत नसता, वापर छापा-काट्यासारखा वर-खाली झाला असता, तरी १५-५ किंवा त्याहून एकतर्फी निकाल १०० पैकी साधारण ४ वेळा दिसलाच असता. ०.०४१ एवढंच सांगतं. 'एरेटर चालतो याची शक्यता ९६ टक्के' हे त्यातून निघत नाही. पाऊस पडला की रस्ता ओला होतो; पण रस्ता ओला म्हणजे पाऊसच पडला असं नाही. तुमचा टँकर गळत असेल!
आणि मेमध्ये निम्मं ठाणं गावी असतं. घटलेल्यांपैकी किती घरांना कुलूप होतं?

ढोकाळीकर:
एकच. मालवणला गेले होते. एका घराने काय बिघडतंय?

कोपरीची सई:
ते वगळा. १४ विरुद्ध ५, पी-व्हॅल्यू ०.०६४, म्हणजे नेहमीच्या ०.०५ च्या मर्यादेबाहेर. गेली की तुमची ९५ टक्के!

निवृत्त मास्तर:
सई, अर्थाबद्दल सहमत. पण ०.०५ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२५ मध्ये '२० त १' ही सोयीची मर्यादा म्हणून सुचवली. हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचं जाहीर करताना, २०१२ मध्ये, 'पाच सिग्मा'ची कडक मर्यादा लागली, म्हणजे साधारण ३५ लाखांत १. नेमन आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांच्या मांडणीत चुका दोन: निरुपयोगी वस्तू स्वीकारणं आणि उपयोगी वस्तू नाकारणं. इथे पहिली चूक स्वस्त, दुसरीत टँकर चालूच. मी १० टक्क्यांवरही एरेटर बसवले असते.

कोपरीची सई:
आधी ठरवलं असतं तर मान्य, मास्तर. ०.०६४ आल्यावर १० टक्के म्हणजे पेपर तपासून झाल्यावर पासिंगचे मार्क ठरवणं. शिवाय घराचा वापर घटला की वाढला एवढंच मोजलंय. किती लिटर, ते नाही. मेमध्ये पाणीच कमी आलं असेल तर? बी विंगमध्ये एरेटर नाहीत, तिथलं रीडिंग कुठाय?

ढोकाळीकर:
वॉचमनच्या वहीत. रविवारी मागतो. दोन पानांवर नुसतं 'अंदाजे' लिहिलंय, हे आत्ताच सांगून ठेवतो.