मदत हवी आहे: गोळ्यांच्या रांगेतच म्हाताऱ्या माणसांची नजर तपासून घेता येईल का?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. सासूबाई (आम्ही आत्या म्हणतो) ७२ वर्षांच्या आहेत. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात.

गेल्या आठवड्यात तोंड धुताना त्यांच्या उजव्या डोळ्यात साबण गेला. पदराने डोळा दाबून बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "अगं, दार कुठं गेलं?" मी उजव्या डोळ्यावर हात धरून कॅलेंडर दाखवलं. तारखेचा मोठा आकडासुद्धा दिसेना. डावा डोळा कधीपासून असा आहे, त्यांनाही सांगता येत नाही. एका डोळ्यावर सगळं निभत होतं.

आशाताई तीस वर्षांपुढच्यांचा फॉर्म भरतात, त्यात धूसर दिसतं का, असा प्रश्न आहे. आत्यांनी उत्तर दिलं होतं, "दिसतंय की, रोज ज्वारी निवडते." आशाताईंचा यात काही दोष नाही. पण नुसतं विचारून हे कळत नाही, तक्ता लावून एकेक डोळा बघायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

गोळ्यांच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची म्हातारी माणसं आपसूक जमतात. बीपी बघतात तशी तिथंच नजर बघता येईल का? कुणाशी बोलू? शाळेचं तोंड न पाहिलेल्यांचं काय करायचं? डोळ्यांच्या शिबिरात मिळालेल्या, पुढे दवाखान्यात दाखवायच्या चिठ्ठ्या कित्येकांच्या घरी देव्हाऱ्यामागे पडून आहेत, त्याचीही काळजी वाटते.

प्रतिसाद:
ताई, मी नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आधी आत्यांचं बघा. त्यांच्यासाठी तक्त्याची वाट पाहू नका, या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञांकडे न्या. शुगर असल्याने थेंब टाकून पडद्याची तपासणी करून घ्या. ती वर्षातून एकदा व्हायलाच हवी. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, सोबत कुणीतरी हवं.

केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. ग्रामीण रुग्णालयातला नेत्र चिकित्सा अधिकारी केंद्रात कुठल्या वारी येतो ते विचारा आणि गोळ्यांचा वार त्याला जुळवा. अक्षरओळख नसेल तर 'ई'चा तक्ता असतो, पाय कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. अंतर ६ मीटर. जागा नसेल तर ३ मीटरचा वेगळा तक्ता मिळतो. ६ मीटरचा तक्ता जवळून दाखवला तर नजर खोटीच चांगली येते. लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच बघा. डोळा तळहाताने झाका, दाबू नका. कमी दिसलं तर बारीक छिद्राच्या चकतीतून पुन्हा बघायचं. त्यातून सुधारलं तर बहुधा नंबरच असतो. नाही सुधारलं तर मोतीबिंदू, पडदा वगैरे शोधावं लागतं. काचबिंदू मात्र तक्त्यावर फसवतो. समोरचं नीट दिसत राहतं आणि कडेची नजर जात राहते.

चिठ्ठी हातात देऊन भागत नाही. नावांची वही ठेवा, तारीख ठरवा आणि चारपाच जणांना एकाच गाडीने न्या. जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते.

धागाकर्ती:
काका, खूप आभार. आत्यांना उद्याच नेते. गुरुवारी गोळ्यांचा वार आहे, तेव्हा डॉक्टरांशी बोलते आणि व्हरांड्यात ६ मीटर भरतात का तेही टेप लावून बघते. वहीत पहिली सात नावं आत्यांनीच सांगितलीत.