मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेचे दोन सांधे एकाच बटणावर कसे फिरवायचे?

लोंढापॅसेंजर

नमस्कार मंडळी. प्रश्न वायरिंगचा आहे, जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

यंदा घरच्या गणपतीसमोर लोंढा जंक्शन मांडायचं ठरवलंय. बेळगावात गणपतीत गल्लोगल्ली हलते देखावे असतात, पोरांना तसलंच काहीतरी घरात हवंय. आम्ही टिळकवाडीत रेल्वे गेटजवळ राहतो, त्यामुळे गोवा एक्सप्रेस आणि राणी चेन्नम्मा यांच्या वेळा पोरांना तोंडपाठ. लोंढाच का, तर कॅसलरॉककडची आणि अळणावर-धारवाडकडची वाट तिथंच फुटते. स्टेशन हुबेहूब नाही, प्लायवर मावेल तेवढं यार्ड केलंय. रूळ साडेसोळा मिलिमीटर गेजचे.

गुंजीकडून गाडी आली की पुढे तीन लाइनी. त्यासाठी दोन सांधे (गाडीची वाट बदलणारे सरकते रूळ), त्यांना क आणि ख म्हणू. क सरळ असला की गाडी एक नंबरला जाते. क वळवला की गाडी ख वर येते. तिथून ख सरळ असेल तर दोन नंबर, वळवला तर तीन नंबर. प्रत्येक सांध्याखाली दोन कॉइलची मोटर आहे, एक कॉइल सांधा इकडे ओढते, दुसरी तिकडे. ट्रान्सफॉर्मर १६ व्होल्ट एसीचा, दीड अँपिअरचा. मल्टिमीटरवर एका कॉइलचा रेझिस्टन्स साडेचार ओहम दिसतो.

मला पॅनलवर तीनच बटणं हवी आहेत, लाइनीला एक. सहा वर्षांच्या पोरानं ‘दोन नंबर’ म्हणत बटण दाबावं आणि सगळी वाट आपोआप लागावी. कुठला सांधा कुठं वळवायचा हे त्यानं लक्षात ठेवायचं म्हणजे खेळातली मजाच गेली.

अडचणी दोन आहेत. पहिली: दोन नंबरच्या बटणापासून ‘क वळव’ आणि ‘ख सरळ’ अशा दोन कॉइलना वायरी नेल्या, तीन नंबरच्या बटणापासून ‘क वळव’ आणि ‘ख वळव’ला. आता दोघांतलं कुठलंही बटण दाबलं की क बरोबर फिरतो, ख मात्र जागेवरच गुरगुरतो. दुसरी: एक नंबरचं बटण दाबल्यावर परत वर आलं, पण आत अडकून राहिलं. प्लायखालून जळक्या वार्निशचा वास आला आणि कॉइल गेली. बटण ते छोटं चौकोनी, सर्किट बोर्डावर बसतं तसलं.

मोटर इथं सहज मिळत नाही, म्हणून पुढची जळायच्या आधी विचारतोय.

घाटमाथा

देखावा मस्तच होणार! कॉइलच्या मोटरी काढून सर्व्हो (सांगाल तेवढीच फिरणारी छोटी मोटर) लावा की. अर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, तसला एक घेऊन त्यात प्रोग्रॅम टाकला की बटणाला हवी ती वाट. सांधा हळूहळू सरकतो, खऱ्यासारखा दिसतो.

लोंढापॅसेंजर

सुचवणी पटली, सर्व्हो दिसायलाही छान. पण तीन मोटरी शाबूत आहेत आणि ‘खट्’ करून सांधा पडतो तो आवाज पोरांना फार आवडतो. कॉइलवरच मार्ग निघाला तर हवाय.

तांब्याचीतार

मी उद्यमबागेत मोटर रिवाइंडिंगचं काम करतो, त्यामुळे जळक्या कॉइलचा वास रोजचाच. कॉइलच ठेवा, काही बिघडत नाही.

आधी बटणाचं. १६ भागिले साडेचार म्हणजे जवळपास साडेतीन अँपिअर. तुमचा ट्रान्सफॉर्मर तेवढे पुरते देणार नाही, तरी जे मिळतं ते त्या चौकोनी बटणाच्या आवाक्याबाहेरचंच. तसली बटणं साधारण १२ व्होल्ट, ५० मिलिअँपिअरची असतात. आत ठिणगी पडून काँटॅक्ट एकमेकांना चिकटले असणार. ही कॉइल क्षणभराच्या कामाची असते, सप्लाय चालू राहिला की जळणारच. बाजारात घराच्या बेलचं पुश बटण मिळतं, ६ अँपिअरचं, ते घ्या. फक्त पॅनल स्वतंत्र ठेवा. घरातल्या २३० व्होल्टच्या स्विचबोर्डात किंवा त्याच्या शेजारी ही बटणं बसवू नका, पोरांना दोन्ही सारखीच दिसतात.

बटण चांगलं घेतलं तरी पोरं दाबून धरणारच. म्हणून कॉइलला थेट ट्रान्सफॉर्मर द्यायचाच नाही, मध्ये कपॅसिटर घालायचा, तो वीज साठवून ठेवतो आणि एकदम सोडतो. १६ व्होल्ट एसी ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणारा भाग) नेली की कपॅसिटरवर २१ व्होल्टच्या आसपास डीसी साठतं. कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा घ्या. २५ चा अगदी काठावर येतो. ब्रिजचा प्लस आणि कपॅसिटरचा प्लस यांच्या मध्ये १०० ओहमचा, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर. कपॅसिटरच्या प्लसवरून बटणांना वायर.

बटण दाबलं की साठलेला सगळा करंट एका दणक्यात कॉइलमधून जातो, सांधा खाडकन पडतो. त्यानंतर कुणी बटण धरून बसलं तरी रेझिस्टरमुळे कॉइलला ०.२ अँपिअरच मिळतो. तेवढ्यानं कॉइल कोमटसुद्धा होत नाही. रेझिस्टर मात्र चांगला तापतो, चार वॉट त्याच्यात जातात, म्हणून १० वॉटचा सांगितला. तो प्लायला किंवा थर्माकोलला टेकवू नका. सोडल्यावर कपॅसिटर पुन्हा भरायला दोनेक सेकंद लागतात. तेवढं थांबायला पोरांना शिकवा.

आता ख का गुरगुरतो. ‘क वळव’ कॉइलवर दोन आणि तीन नंबरच्या वायरी एकत्र येतात. दोन नंबर दाबलं की सप्लाय त्या जोडापर्यंत जातो आणि तिथून तीन नंबरच्या वायरीतून उलटा येऊन ‘ख वळव’लाही पोचतो. ख च्या दोन्ही कॉइल एकदम ओढायला लागतात, तो जाणार कुठं? मार्ग सोपा आहे: दोन नंबर बटण ते ‘क वळव’ या वायरीत एक डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा), तीन नंबर बटण ते ‘क वळव’ या वायरीत दुसरा. दोघांची पांढऱ्या पट्टीची बाजू कॉइलकडे. झालं. बाकीच्या कॉइलना एकाच बटणाचा सप्लाय आहे, तिथं डायोडची गरज नाही. पुढे यार्ड वाढवलंत तर नियम हाच, ज्या कॉइलला एकापेक्षा जास्त बटणं येतात तिच्या प्रत्येक वायरीत डायोड. १एन५४०८ घ्या, तीन अँपिअरचा असतो आणि दणका सहज सोसतो. हे सगळं डीसीवरच, सध्याच्या एसीवर डायोड लावून बघू नका.

लोंढापॅसेंजर

दादा, फार मोठं काम केलंत! गुरगुरण्याचं कारण असं कुणीच सांगितलं नव्हतं. अजून एक विचारतो. पॅनल सांध्यांपासून तीन मीटरवर येतंय, आरास मध्ये आहे. घरात जुनी टेलिफोनची वायर पडून आहे, ती चालेल का? आणि चारही कॉइलचं परतीचं टोक एकत्र केलं तर चालतं ना?

तांब्याचीतार

परतीचं एकत्र करा, ते कपॅसिटरच्या मायनसला. टेलिफोनची वायर नको. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याला मीटरमागं ०.०९ ओहम धरा. जाऊन-येऊन सहा मीटर म्हणजे अर्धा ओहम. साडेचार ओहमच्या कॉइलला ते फार झालं, त्यात दोन आणि तीन नंबरवर दोन कॉइल एकाच वेळी ओढणार. बटणापासून कॉइलपर्यंत ०.७५ स्क्वेअरची (म्हणजे चौरस मिलिमीटरची) वायर टाका, परतीला १ स्क्वेअरची. त्याहून बरं म्हणजे कपॅसिटर सांध्यांजवळ प्लायखाली ठेवा आणि चढवताना प्लस-मायनस दोनदा बघा. उलटा जोडला तर फुटतो.

एवढं करूनही दोन नंबरवर एखादा सांधा अर्धवट पडला, तर आधी सांध्याचे सरकते रूळ बोटानं हलवून बघा. रंग किंवा खडी अडकली असेल तर ती काढा. तरीही जोर कमी वाटला तर तसलाच दुसरा कपॅसिटर पहिल्याला पॅरलल जोडा, भरायला दुप्पट वेळ लागेल एवढंच. आत हात घालायच्या आधी ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढा आणि एखादं बटण दाबून कपॅसिटर रिकामा करा. ट्रान्सफॉर्मर बंद डब्यात, समई आणि पाण्याच्या तांब्यापासून लांब.

जळलेली मोटर टाकू नका. तार किती गेजची आहे ते मोजून कळवा, तेवढी कॉइल परत गुंडाळता येते.