इको नॉर्मल, तरी गुठळी हृदयातून कशी?

आई ७१ वर्षांची. गेल्या महिन्यात अचानक उजवा हात लुळा पडला आणि बोलायला गेली की भलताच शब्द निघायचा. आता बरंच सावरलंय. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका (स्ट्रोक) आहे, तिथे अडकलेली गुठळी हृदयातून आली असावी. पण इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, ईसीजी नॉर्मल! मग होल्टर (सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावला, त्यात मधूनमधून एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके) सापडलं. ॲस्पिरिन बंद, ॲपिक्साबॅन सुरू. भाऊ म्हणतो, हार्ट ठणठणीत असताना रक्त पातळ करायची एवढी जोरदार गोळी कशाला?

उत्तर १
इको काढणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहिते. छातीवरून आम्हाला झडपा आणि पंपिंग छान दिसतं. एएफमधली गुठळी मात्र बहुतेकदा डाव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) कडेला असलेल्या छोट्या पिशवीत धरते, आणि ती छातीवरून नीट दिसतच नाही. त्यासाठी घशातून प्रोब घालून टीईई नावाचा इको करावा लागतो. कर्णिका आकुंचन पावायची सोडून नुसती थरथरते, तेव्हा त्या पिशवीतलं रक्त स्क्रीनवर धुरासारखं गरगरताना दिसतं. आणि गुठळी सुटून मेंदूत गेल्यावर मागे काय दिसणार? एएफ येऊन-जाऊन असतं, त्यामुळे एका ईसीजीत ते हुकू शकतं. असल्या गुठळीपुढे ॲस्पिरिन फारसं टिकत नाही, हे भावाला जरूर सांगा.

उत्तर २
माझी मायट्रल झडप धातूची, त्यामुळे मला ॲपिक्साबॅन चालत नाही, वॉरफरिनच घ्यावं लागतं. सारखं आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ती तपासणी) बघा, पालेभाजीचं प्रमाण सांभाळा. आईंना ती कटकट नाही. पण गोळी दिवसातून दोनदा म्हणजे दोनदाच! चुकली की असर लवकर ओसरतो. दात काढायचा असला तरी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

प्रश्नकर्ती
दोघांचे आभार. आई अधूनमधून धडपडते, त्याचीच धास्ती वाटते.

उत्तर १
तेवढ्यासाठी सहसा गोळी थांबवत नाहीत. डोकं आपटलं तर मात्र काही दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा. डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलर मनाने देऊ नका, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) अधूनमधून करून घ्या. शेवटची गोळी किती वाजता दिली ते रोज लिहून ठेवा. देव न करो, पण पुन्हा मेंदूचा झटका आलाच, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल का, हे ठरवताना डॉक्टर आधी तेच विचारतील.