परसातलं खेळघर: पुन्हा पाइन, की सागाचं करून घेऊ?

बावधनचा बाबा

नमस्कार मंडळी. रो-हाउसच्या मागे जेमतेम बारा बाय पंधरा फुटांची जागा आहे. मुली चार आणि सात वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेलं पाइनचं खेळघर हौसेनं थेट मातीवर मांडलं. पहिला पावसाळा निघाला. दुसऱ्या वर्षी गणपतीत पाहुण्यांची पोरं आत घुसली आणि एकाचा पाय तळाची फळी फोडून घोट्यापर्यंत खाली. सुदैवानं लागलं नाही. फळी उचलली तर खालून मातीच्या नळ्या, आणि लाकडाचा वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक. वाळवी!

आता नवीन करायचंय. सागाचा भाव ऐकून बायको म्हणाली, "मग त्यात आपणच राहायला जाऊ." काय करू?

लाकूडवाला

भवानी पेठेत टिंबर मार्केटला वडिलांपासूनचं दुकान आहे, तेव्हा मी साग घ्या म्हणणार असं वाटेल. पण तुमचं घर मातीवर ठेवल्यामुळे गेलं. साग असता तर थोडं उशिरा गेलं असतं, एवढंच. सागाचा तपकिरी गाभा वाळवी सहसा सोडते, कडेचं पांढरं लाकूड मात्र खाते, आणि स्वस्त सागात पांढरंच जास्त.

आधी पाया बघा. काँक्रीटच्या ब्लॉकवर घर निदान सहा इंच उचला, खाली टॉर्च मारून बघता आलं पाहिजे. वाळवी नळी बांधत वर चढते, ती ब्लॉकवर लगेच दिसते. दिसली की पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

सांगाडा जुन्या सागाचा करा. पेठांतले वाडे पाडतात, त्यांच्या तुळया-चौकटी विकायला येतात. आतले मोडके खिळे लोहचुंबक फिरवून शोधा, नाहीतर सुताराचं पातं जाईल आणि तो तुम्हाला ऐकवेल. जुना ऑइल पेंट असलेलं लाकूड मात्र फुकट दिलं तरी नको. त्या रंगात शिसं असू शकतं, घासलं की भुकटी उडते. भिंतींना पाइन चालेल. प्लाय लावलात तर आयएस ७१० चा, म्हणजे पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघा, साधा एमआर (घरातल्या वापराचा) प्लाय पावसात फुगतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे.

सहकारनगरची आजी

आमच्या नातवंडांचं घर यंदा आठवा पावसाळा बघेल. अक्षय्य तृतीया झाली की आमचे हे ब्रश घेऊन बसतात, तेव्हा लाकूड ठणठणीत कोरडं असतं. जवसाच्या तेलाचे दोन हात, पहिला नीट सुकल्यावरच दुसरा. सावलीत ठेवणार असाल तर तेलावर काळी बुरशी धरते, आमचं उन्हात आहे.

तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात. मला हा यांचा कांगावाच वाटायचा. एकदा बादलीत हात घातला, तर मधल्या चिंध्या इस्त्रीतून काढल्यासारख्या गरम! आता बोळा न करता बाहेर एकेक पसरून वाळवतो.

खिडकीला गज लावाल तर मधली फट साडेतीन इंचांच्या आत ठेवा. साडेतीन ते नऊ इंचांच्या फटीतून पोराचं अंग जातं आणि डोकं अडकतं. दाराला आतून कडी अजिबात नको. आणि दर आठवड्याला छपराखाली मान वर करून बघा, गांधीलमाश्यांना ती जागा फार आवडते.

बावधनचा बाबा

दोघांचे आभार. काल जुन्या घराला जागोजागी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. तळ आणि खालची हातभर भिंत गेलीय, त्यात तो लोण्यासारखा शिरतो. वरचं पाइन टणक आहे, तेवढं वापरीन. जुन्या सागासाठी रविवारी पेठेत चक्कर मारतो.

आजी, कडीचं मात्र तुम्हीच धाकटीला समजवा. ताई आत येऊ नये म्हणून तिला घर हवंय.