आमच्याकडची मोगलाई: घरात काय उरलं?

इंग्रजी राज्यावर पुष्कळ लिहून झालंय. मराठवाड्यावर मात्र हैदराबादच्या निजामाचं राज्य, म्हणजे मोगलाई, आणि त्याच्या डोक्यावर इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट, असं दुहेरी ओझं होतं. देश 15 ऑगस्ट 1947 ला सुटला, आपण 17 सप्टेंबर 1948 ला. त्या राज्याचं तुमच्या घरात काय शिल्लक आहे? घरातलंच सांगा. सुरुवात मी करतो.

आज्याच्या पत्र्याच्या पेटीत फडक्यात बांधलेला कागद होता, इनामी जमिनीचा मुन्तखब, म्हणजे हक्काचा सरकारी दाखला. दाव्यात तोच पुरावा आणि तो उर्दूत. घरात वाचणारं कुणी नाही. शेवटी गल्लीतल्या निवृत्त उर्दू मास्तरांकडे नेला. त्यांनी भिंग धरलं, घडीवर फाटलेली ओळ बोटाने जुळवली आणि पणज्याचं नाव मोठ्याने वाचलं. साल फसली 1342, म्हणजे 1932-33. वडील म्हणाले, "परत एकदा वाचा." मास्तरांनी तीनदा वाचलं, पैसे घेतले नाहीत. आपल्याच रानाचा कागद आपल्याला वाचता येत नाही, ही सल मात्र राहिली.
(बीड)

रझाकारांनी, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, घर लुटलं तेव्हा आमची माणसं रातोरात बैलगाडीने निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीला गेली. इंग्रज तोवर गेलेले, तरी आजीच्या तोंडी तो 'इंग्रजी मुलूख'च. ती रुपयाला शेवटपर्यंत 'कलदार', म्हणजे इंग्रजी रुपया, म्हणायची. निजामाचे सात रुपये, म्हणजे हाली, दिले की सहा कलदार मिळत, हा हिशोब तिला तोंडपाठ होता.
(लातूर)

वडिलांचं शिक्षण उर्दूतून झालं. पाढे मराठीत म्हणायचे, पण त्रिकोणाला 'मुसल्लस'. उर्दू शेर त्यांनी जन्मभर जीव लावून म्हटले. लादलेल्या भाषेवर माणूस असं प्रेम करतो, हे मला अजून नीट समजावून सांगता येत नाही.
(नांदेड)

आमच्या घरी 17 सप्टेंबरला आजी बोलायची नाही. आजोबा साधे शेतकरी, रझाकारांशी काडीचा संबंध नाही. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौज आल्यावर, रानात गेले ते परतले नाहीत. त्यानंतर भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने आमच्या जिल्ह्यातल्या मुसलमानांच्या कत्तलींची नोंद केली; गावात त्यावर कुणी बोलत नाही. शेजारच्या पाटलांनी आजीला दोन लेकरांसह तीन रात्री कडब्याच्या गंजीत लपवलं, पाटलीणबाई पदराखाली भाकरी आणायच्या. मुक्तिदिनाला मीही झेंड्याला जातो. पण आजोबांबद्दलही बोललं पाहिजे. आजी पुढे कधी कडब्याच्या गंजीजवळून गेली नाही, लांबून वळसा घालायची.
(धाराशिव)