प्रतिसाद: निधीसाठी बूट आणि गोंदाचा प्रश्न

निधी उभारायला बूट बनवून विकू पाहणाऱ्या एका लहान गटाच्या योजनेत म्हटलंय की बुटाचं वरचं कापड पुनर्वापरातल्या प्लॅस्टिकचं घेतलं आणि त्यावर मुलांची चित्रं रंगवली की झाला पर्यावरणपूरक बूट. चित्रांची कल्पना मला मनापासून आवडली. नायकी २००३ पासून अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डोअर्नबेकर बालरुग्णालयासाठी हेच करते: तिथली आजारी मुलं बूट डिझाइन करतात आणि विक्रीचे पैसे रुग्णालयाला जातात. पण नुसत्या कापडाने काम भागत नाही. खरी अडचण गोंदाची आहे. कापड, फोम, रबर एकदा चिकटवले की ते वेगळे करणं फार अवघड, आणि मग अख्खा बूट कचऱ्यात. म्हणूनच २०१९ मध्ये आदिदासने 'फ्यूचरक्राफ्ट लूप' हा बूट गोंद न वापरता, टीपीयू या एकाच लवचिक प्लॅस्टिकपासून बनवून दाखवला. तो दळून, वितळवून पुन्हा वापरता यावा म्हणून.

लहान गटाला ते तंत्र परवडणार नाही, पण गोंदाऐवजी तळ शिवून घेता येतो. आणि रंग थेट बुटावर नको. बोटांपाशी बूट वाकतो तिथेच रंग आधी तडकतो. त्यापेक्षा नाड्या, पट्टे, बटणाने लागणारी जीभ (नाड्यांखालची पट्टी) असे सुटे भाग रंगवा. साधे जोड तयार ठेवून सजावट मागणी आल्यावरच केली, तर मापाला बसला नाही म्हणून परत आलेला जोडही दुसऱ्याला देता येईल. निधीचे पैसे पडून राहिलेल्या मालात अडकायला नकोत.